चिपाड काढलं, प्लॅस्टिकच्या रिंगा भरल्या आणि व्हिनेगरचा टक्का अडला: सोलापुरातलं एक प्रकरण

सोलापूर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. त्यामुळे मळी आणि मळीपासूनचं स्पिरिट इथं नवलाईचं नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना काढून, असं स्पिरिट पातळ करून त्याचं व्हिनेगर बनवणारा एक छोटा कारखाना एमआयडीसीत आहे. गिऱ्हाईक म्हणजे लोणची आणि चिली सॉस बनवणारे. त्यांना बाटलीवर 'सिंथेटिक' लिहावं लागणारं, ॲसिटिक ॲसिड पातळ करून केलेलं व्हिनेगर नको असतं. आंबवलेलं हवं असतं. कायद्यानं व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ॲसिटिक ॲसिड लागतं, पण लोणचंवाले सहा टक्क्यांच्या खाली बोलत नाहीत.

कारखान्याची पद्धत जुनी आहे. जर्मनीत शुत्झेनबाख यानं १८२३ मध्ये बसवलेल्या 'झटपट' पद्धतीचंच हे रूप. एक उंच टाकी, तिच्यात काहीतरी पोकळ भरण, वरून अल्कोहोलचं पाणी झिरपत सोडायचं, खालून हवा वर जाऊ द्यायची. जिवाणू भरणाला चिकटून राहतात आणि अंगावरून ओघळणाऱ्या अल्कोहोलचं ॲसिड करतात. खाली जमलेलं पाणी पंपानं परत वर. शुत्झेनबाखनं बीच झाडाच्या लाकडाचे छिलके वापरले. या कारखान्यात धुऊन, उकळून घेतलेलं उसाचं चिपाड भरलेलं होतं.

बुडीत पद्धतीचा फर्मेंटर का घेतला नाही, असं कुणीही विचारेल. ऑस्ट्रियात ह्रोमाट्का आणि एब्नर यांनी १९४९ मध्ये मांडलेली ती पद्धत कितीतरी जलद आहे. पण तिच्यात जिवाणू पाण्यात मोकळे तरंगतात आणि सतत मिळणाऱ्या हवेवर जगतात. आम्लता चढलेली असताना हवा मिनिटभर तुटली तरी ते मोठ्या संख्येनं मरतात. ज्यानं एमआयडीसीत उन्हाळा काढलाय त्याला 'ट्रिपिंग' वेगळं समजावून सांगावं लागत नाही. झिरपत्या टाकीत वीज गेली तरी भरणाच्या पोकळीत हवा असतेच, जिवाणू तग धरतात. मालकांनी हा हिशोब बरोबर केला होता.

चिपाडाचा त्रास वेगळा होता. वर्ष-दीड वर्षात ते कुजून खाली बसायचं, टाकीच्या मध्यात घट्ट गोळा व्हायचा, व्हिनेगरला रंग आणि कुबट वास यायचा. कधीकधी उजेडात ग्लास धरला की बारीक वळवळणाऱ्या अळ्या दिसायच्या. ते व्हिनेगरचे सूत्रकृमी, माणसाला निरुपद्रवी, पण गिऱ्हाईक पळवायला पुरेसे. म्हणून मालकांनी चिपाड काढून २५ मिलिमीटरच्या, पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या पॉल रिंगा (बाजूला खिडक्या असलेल्या पोकळ नळकांड्या) भरल्या. टाकीचा व्यास एक मीटर, भरणाची उंची अडीच मीटर, म्हणजे जवळजवळ दोन घनमीटर रिंगा. पुरवठादाराच्या पत्रकात घनमीटरला साधारण २०० चौरस मीटर पृष्ठभाग आणि ९० टक्के पोकळी असे आकडे होते. दोन घनमीटरला ४०० चौरस मीटर! मालक खूश. पॉलिप्रॉपिलीन ॲसिडला दाद देत नाही, १६० अंशांच्या पुढेच वितळतं, त्यामुळे १२१ अंशांच्या वाफेनं निर्जंतुक करता येतं. निवड कागदावर चुकीची नव्हती.

आणि तरी टक्का अडला.

ब्युरेटसमोर

मला बोलावलं तेव्हा रिंगा भरून काही बॅचेस झाल्या होत्या आणि एकही चार टक्क्यांच्या वर गेली नव्हती. टाकी चालवणारे अण्णा आधी यंत्रमागावर होते, घरी तेलुगू बोलणारे, हात अतिशय स्थिर. पाच मिलिलिटर नमुना, त्यात आम्ल संपलं की गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब, ब्युरेटमध्ये, म्हणजे थेंबाथेंबानं मोजून सोडायच्या काचेच्या नळीत, ०.५ नॉर्मल कॉस्टिक. या मापात ब्युरेटचा प्रत्येक मिलिलिटर म्हणजे ०.६ टक्के आम्लता. ५.३ ला गुलाबी रंग टिकला.

"तीन पॉइंट दोन. काल पण एवढंच होतं, सर," अण्णा म्हणाले. "कल्चर, म्हणजे जिवाणूंचं विरजण, मेलंय बघा."

मालकांचं मत उलटं होतं. त्यांच्या मते कल्चर चांगलं, प्लॅस्टिकच खराब. रिसायकल केलेल्या दाण्यांच्या रिंगा गळ्यात मारल्या असणार आणि त्यातून काहीतरी विषारी उतरत असणार. शंका अगदीच हवेतली नव्हती. अन्नाला लागणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनसाठी आयएस १०९१० हे भारतीय मानक आहे आणि त्याचं प्रमाणपत्र मागून घ्यायलाच हवं. ते मागितलं, आलं. रिंगा उकळलेल्या पाण्यात त्याच कल्चरची छोटी बाटली लावली. ती नेहमीसारखी आंबली. विषाचा मुद्दा तिथं संपला.

मग मी एक गोष्ट मागितली जी त्या कारखान्यात कधीच मोजली जात नव्हती, ती म्हणजे शिल्लक अल्कोहोल. हे मोजताना आधी कॉस्टिकनं आम्ल मारून मगच ऊर्ध्वपातन करावं लागतं, नाहीतर ॲसिडही वाफेबरोबर पुढे येतं आणि आकडा फसवतो. आठव्या दिवशीचा आकडा आला: १ टक्का.

इथं प्रकरण उलगडायला लागलं. ॲसिड बनलं नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण अल्कोहोलही शिल्लक नाही हे कुणी पाहिलं नव्हतं. टक्केवारी बाजूला ठेवून हिशोब लिटर-किलोत मांडला, कारण आठ दिवसांत टाकीतलं पाणीही ५०० वरून ४५५ लिटरवर आलं होतं.

सुरुवातीला ५०० लिटर, १.५ टक्के ॲसिड, ६ टक्के अल्कोहोल: म्हणजे साडेसात किलो ॲसिड आणि ३० लिटर अल्कोहोल. शेवटी ४५५ लिटर, ३.२ टक्के आणि १ टक्का: म्हणजे १४.६ किलो ॲसिड आणि साडेचार लिटर अल्कोहोल. नवं ॲसिड फक्त ७.१ किलो. एक किलो अल्कोहोलपासून सिद्धांतानुसार १.३ किलो ॲसिड मिळतं. म्हणजे या ७.१ किलोसाठी साडेपाच किलोच्या आत, सुमारे सात लिटर अल्कोहोल लागलं असेल. गायब झालेलं मात्र साडेपंचवीस लिटर. मधले साडेअठरा लिटर कुठं गेले?

जिवाणूंनी ॲसिड बनवून तेच पुढे खाल्लं असेल, ही शक्यता असते. ॲसिटोबॅक्टर ॲसिडचंही कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करू शकतो. पण तो ते अल्कोहोल संपल्यावर करतो. शिल्लक असताना शक्यतो ॲसिडला हात लावत नाही. इथं एक टक्का शिल्लक होतं. मग राहिली एकच वाट, टाकीच्या डोक्यावरची. मी शिडी चढून झाकणाच्या नळीशी नाक नेलं. तिथं व्हिनेगरचा झोंबणारा वास अपेक्षित होता. आला तो डिस्टिलरीच्या आवारातला. नाकाला कळलं ते हिशोबात आधीच लिहिलेलं होतं.

चिपाड गुपचूप काय काय करत होतं

ब्लोअर तोच होता, जो चिपाडाच्या काळात होता. त्याच्यावर कुणाचा संशय नव्हता, कारण त्याला कुणी हातही लावला नव्हता. नेमकं तेच दुखणं.

दाबून बसलेल्या चिपाडातून हवा मोठ्या मुश्किलीनं वर जायची. छोट्या पंख्याच्या ब्लोअरपुढे अडथळा आला की त्याची हवा आपोआप कमी होते. ९० टक्के पोकळ रिंगांमध्ये अडथळाच नाही, म्हणून तोच ब्लोअर मोकाट सुटला. पाइपच्या तोंडाशी वेग मोजला तर तासाला साधारण २५ घनमीटर हवा जात होती. आठ दिवसांची ४,८०० घनमीटर. आणि गरज किती? ३० लिटर अल्कोहोल म्हणजे २३.७ किलो, त्याला ऑक्सिजन लागतो साडेसोळा किलो, म्हणजे साधारण ६० घनमीटर हवा. हवेतला सगळा ऑक्सिजन कधी वापरला जात नाही, म्हणून पाच-सहा पट धरली तरी साडेतीनशे. ही ऐंशी पट होती. सोलापूरची कोरडी हवा एवढ्या प्रमाणात पातळ अल्कोहोलमधून फिरवली तर ती रिकाम्या हातानं बाहेर पडेल कशी?

दुसरी गोष्ट पाण्याची. पंपाला टायमर होता, पाच मिनिटं चालू आणि पंचवीस मिनिटं बंद. चिपाड पाणी शोषून धरतं, त्यामुळे त्या पंचवीस मिनिटांत जिवाणू ओले राहायचे आणि हवाही मिळायची. ती वेळ चिपाडासाठी उत्तम होती. पॉलिप्रॉपिलीनवर पाणी थांबतच नाही. रिंगेवर थेंब टाकला तर तो फुगून उभा राहतो, कारण पाण्याचा त्या पृष्ठभागाशी होणारा कोन १०० अंशांच्या आसपास असतो. पंप बंद झाला की काही मिनिटांत रिंगा कोरड्या, वरून वारा. शिवाय जे पाणी वरून पडतं तेही सगळ्या रिंगा भिजवत नाही, दोन-चार वाटा धरून ओघळतं. पत्रकातले ४०० चौरस मीटर प्लॅस्टिकचे होते. ओले त्यातले किती, हे पत्रक सांगत नाही. जिवाणूंना मात्र तेवढेच मिळतात.

तिसरी गोष्ट खाण्याची. स्पिरिट म्हणजे डिस्टिलेशन होऊन आलेलं. त्यात ना नायट्रोजन, ना फॉस्फेट, ना मॅग्नेशियम. चिपाडातून उरलीसुरली साखर आणि क्षार उतरायचे, कुजतानाही थोडं पोषण मिळायचं. रिंगेतून काहीच उतरत नाही. तो तर तिचा गुण म्हणून विकला जातो.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा एवढाच आहे: चिपाड हे नुसतं भरण नव्हतं. ते हवेला आवरत होतं, पाणी धरत होतं, खाऊ घालत होतं आणि खरखरीत असल्यानं जिवाणूंना पाय रोवू देत होतं. प्लॅस्टिक आणलं की ही चारही कामं मोकळी होतात आणि ती प्रत्येकाला वेगळी नेमून द्यावी लागतात. कारखान्यात एक वस्तू बदलली असं सगळ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात चार बदलल्या होत्या.

काय केलं

ब्लोअरच्या तोंडाला झडप बसवली आणि हवा तासाला दोन-अडीच घनमीटरवर आणली. मालकांचा लगेच आक्षेप आला, आणि तो बिनबुडाचा नव्हता. "सर, मे महिन्यात इथं पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जातो. वारा बंद केला तर आत शिजतील ना हे!"

बरोबर. अल्कोहोलचं ॲसिड होताना एका किलोमागे सुमारे १०,७०० किलोज्यूल उष्णता निघते. आमच्या बॅचमधल्या २३.७ किलोची सगळी उष्णता त्याच ५०० लिटरमध्ये साठली असती तर पाणी उकळलं असतं. पाच दिवसांवर पसरली तर सतत सुमारे ६०० वॉट. जिवाणूंना मानवतं २८ ते ३२ अंश. ३५ च्या वर ते मलूल होतात. आजवर ही उष्णता काही अंशी वाऱ्यानं बाष्पीभवन करून जात होती, म्हणजे अल्कोहोल जाळून थंडावा विकत घेतला जात होता. स्पिरिटच्या भावात हा कूलर फार महाग. म्हणून खालच्या टाकीत स्टेनलेस स्टीलच्या नळीचं वेटोळं सोडलं, त्यातून छोट्या चिलरचं पाणी बंद चक्रात फिरवलं. सोलापुरात नळाला पाणी वर्षानुवर्षं काही दिवसांआड येत आलंय. वाहतं पाणी सोडून द्यायचा विचारही कुणी करत नाही. टाकीला बाहेरून ओल्या गोणपाटाचं वेष्टण ही अण्णांची भर, आणि त्यानं खरंच दोन अंशांचा फरक पडला.

पंप सतत चालू ठेवला, वर एका नळीऐवजी फिरता फवारा. पोषणाला डायअमोनियम फॉस्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट, दोन्ही खाद्य प्रतीचे, थोडं ग्लुकोज आणि चिमूटभर यीस्ट एक्स्ट्रॅक्ट. पातळ करायच्या पाण्यातलं क्लोरीन आधी कार्बन फिल्टरनं काढलं. रिंगांवर जमणारा जिवाणूंचा कोवळा थर क्लोरीननं सहज मरतो.

आणि टाकीला अल्कोहोल पाजायच्या आधी आठवडाभर नुसतं कच्चं, न तापवलेलं व्हिनेगर फिरवलं, त्यात अगदी दोन टक्के अल्कोहोल. जुने व्हिनेगरवाले नव्या लाकडालाही असंच 'आंबट' करून घेत. प्लॅस्टिकला त्याची गरज नाही असा समज आहे. खरं तर प्लॅस्टिकलाच ती जास्त आहे, कारण थर धरायला त्याच्याकडे स्वतःचं काहीच नाही.

टरफलाचं प्लॅस्टिक

थर लवकर धरावा यासाठी एक प्रयोग जोडीला केला. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात पोमेट्टो, डेमिर्ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पॉलिप्रॉपिलीनमध्ये सोयाबीनचं टरफल, सोयापीठ, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट असं निम्म्यापर्यंत मिसळून, गरम स्क्रूमधून दाबून आधारकं तयार केली होती. त्यांचा रोख मुख्यतः लॅक्टिक ॲसिड आणि अल्कोहोलच्या किण्वनावर होता. कल्पना अशी की प्लॅस्टिक आकार धरून ठेवतं, टरफल खरखरीतपणा आणि ओल देतं, आणि आतलं पोषण सावकाश उतरत राहतं. जिवाणूला चिकटायला कारण मिळतं.

पाइप काढणाऱ्या एका ओळखीच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी मशीन मिळालं. सोयाचं टरफल रात्रभर ओव्हनमध्ये वाळवून नेलं होतं, तरी पहिल्या फेरीत वाफेचे फुगे येऊन मशीनमधून निघणारी मिश्रणाची दोरी तुटत राहिली. तापमान २०० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. वर गेलं की टरफल करपतं. शेवटी तपकिरी, खडबडीत, करपट पावाच्या वासाची दोरी बाहेर आली. तिचे सेंटिमीटरभर तुकडे कापले. तुकड्यावर थेंब टाकला: पसरला आणि आत मुरला.

नायलॉनच्या जाळीच्या तीन पिशव्या केल्या. एकीत साध्या रिंगा, दुसरीत सँडपेपरनं घासलेल्या रिंगा, तिसरीत हे तुकडे. तिन्ही टाकीच्या वरच्या भागात शेजारी-शेजारी ठेवल्या. आठवड्यानं काढून नळाच्या बारीक धारेखाली धरल्या. साध्या रिंगेवरचा थर सायीसारखा अख्खा सुटून आला. घासलेल्या रिंगेवर खाचांमध्ये पांढुरके पट्टे टिकले. तुकड्यांवर धारेचा काही परिणाम नाही. नखानं खरवडलं तेव्हा बुळबुळीत थर निघाला, आणि भोकांच्या आतला तरीही राहिला.

इथं थांबलो असतो तर ही जाहिरात झाली असती. लोणच्याच्या एका गिऱ्हाइकाकडून तपासणीला आलेल्या बाईंनी पिशवी पाहून पहिलाच प्रश्न टाकला: "यात सोया आहे ना? मग लेबलवर ॲलर्जन कोण लिहिणार?" भारतीय लेबलिंग नियमांत सोयाबीन हा जाहीर करायचा ॲलर्जन आहे. थराखालच्या टरफलातून प्रथिनं उतरावीत हाच तर हेतू होता, म्हणजे नाकारायला जागाच नव्हती. प्रयोगाच्या बॅचचं व्हिनेगर विकलं नाही, पुढच्या खेपेस टाकी आंबट करायलाही वापरलं नाही. सोया गेलं. त्याऐवजी डाळ मिलमधलं तुरीचं टरफल घेतलं. तूर त्या यादीत नाही आणि आपल्या जिल्ह्यात तिची कमी नाही. दोरी थोडी जास्त ठिसूळ आली, पण थेंब मुरला. भरणाच्या वरच्या चौथाई भागात हे तुकडे, खाली रिंगा, अशी एक टाकी भरली. दुसरी नुसत्या रिंगांची.

तुकडे असलेल्या टाकीत थर लवकर जमला, पहिली विकण्याजोगी बॅचही तिनंच आधी दिली. पण थर एकदा बसल्यावर दोन्ही टाक्यांमध्ये फरक उरला नाही. पोषण आणि ओल आता बाहेरून मिळत होतीच. रिंगांच्या टाकीची सहा दिवसांची एक बॅच अशी: पुन्हा तेवढंच ॲसिड आणि अल्कोहोल असलेल्या ५०० लिटरपासून सुरुवात, शेवटी ४८८ लिटर, आम्लता ६.३ टक्के, अल्कोहोल ०.४. वाऱ्यावर गेलेलं अल्कोहोल साडेपाच लिटरच्या आत. शेवटचं ०.४ मुद्दाम ठेवलेलं. शून्यावर नेलं की जिवाणू ॲसिडकडे वळतात. अण्णांच्या वहीत आता दोन रकाने आहेत, ॲसिड आणि अल्कोहोल, आणि तिसरा टाकीतल्या पातळीचा त्यांनी स्वतःहून आखला.

पावसाळ्यात नवं दुखणं आलं. आपल्या कल्चरमध्ये सेल्युलोज विणणारी जात आहे, व्हिनेगरची 'आई' म्हणतात ती. तिचे जाड पडदे रिंगांमध्ये अडकून पाणी तुंबायला लागलं. रिंगा बाहेर काढल्या, दोन टक्के गरम कॉस्टिकमध्ये भिजवल्या, धुतल्या, आठवडाभर आंबट करून पुन्हा कामाला लावल्या. तुरीचे तुकडे कॉस्टिकमध्ये फुगून भुगा झाले, टरफल निघून नुसती प्लॅस्टिकची जाळी हातात राहिली.

मालकांनी दुसऱ्या टाकीसाठीही रिंगाच मागवल्या आहेत, मात्र खरखरीत केलेल्या. तुरीचे तुकडे ते फक्त एका पिशवीपुरते करून घेतात. धुतलेली टाकी पुन्हा सुरू करताना, चालू टाकीत पिकवलेली ती पिशवी वर ठेवायची आणि थर बसला की काढून टाकायची. हवेच्या झडपेला त्यांनी कुलूप लावलंय.